तित्तर हवेत ना, मग गवताचे पैसे द्या

आमच्या टेकडीवाल्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तित्तरांवरून जो गोंधळ झाला तो वाचून मी दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. सुरुवात साधीच होती. एका काकांनी सकाळी लिहिलं की पूर्वी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उजाडायच्या आत चारी बाजूंनी तित्तर ओरडायचे, आता आठ-आठ दिवस एक ऐकू येत नाही. (पूर्वीचं सगळंच चांगलं म्हणायची काकांना सवय आहे, पण ह्या बाबतीत ते खरं बोलतायत, मीही पंधरा वर्षं त्याच वाटेनं चढतोय.) त्यावर कोणीतरी लगेच आयडिया दिली की तित्तर फार्ममधे वाढवून टेकडीवर सोडूया, माणशी पाचशे वर्गणी काढू, उरलेलं महापालिकेकडून मागू, आणि सोबत इनक्युबेटरमधल्या पिल्लांचा फोटो, जी तित्तराची नव्हतीच, हॉटेलात प्लेटमधे येते त्या जपानी बटेरची होती. मग दुसरी पार्टी उठली, पुरंदरला टँकर फिरतायत आणि तुम्हाला पाखरांसाठी सरकारी पैसा पाहिजे, लाज वाटते का वगैरे. संध्याकाळपर्यंत दोनशे मेसेज, दोघंजण ग्रुप सोडून गेले, आणि तित्तर राहिला बाजूला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. दोन्ही पार्ट्या चुकतायत आणि गंमत म्हणजे एकाच जागी चुकतायत, दोघांनाही वाटतंय की पक्षी ही खोक्यातून आणायची वस्तू आहे, भांडण फक्त खोक्याचं बिल कोणी भरायचं ह्याचं. सरकारी पैसा लागणार, चांगला दणकून लागणार, पण तो गवतावर, बांधावर आणि ते राखणाऱ्या माणसावर जायला हवा. तित्तरांच्या पिंजऱ्यासाठी पाचशे काय, मी पाच रुपये देणार नाही, आणि माळावर खड्डे खणून झाडं लावायला तर त्याहून नाही.

तित्तर म्हणजे काय ते आधी बघू, कारण ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी तो फक्त ऐकलाय. मोर, रानकोंबडा, लावा, चकोत्री, हिमालयातला मोनाल आणि तिकडे परदेशात ज्याला फेझंट म्हणतात तो, हे सगळं एकच खानदान. जमिनीवर चालणारी, उडायचा कंटाळा असलेली, जमिनीवरच अंडी घालणारी मंडळी. तित्तराचं घरटं म्हणजे गवताच्या ठोंबाखाली किंवा बोरीच्या जाळीत केलेला एक खोलगा, त्यात पाच-सात अंडी. पिल्लू बाहेर पडलं की लगेच आईमागे पळायला लागतं, पण सुरुवातीचे काही आठवडे त्याचं दाण्यांवर भागत नाही, किडे लागतात, वाळवी, मुंग्या, नाकतोड्यांची पिल्लं. आणि रात्री टेकायला काटेरी झुडूप. म्हणजे त्याला हवं काय? थोडं उंच गवत, थोडी उघडी जमीन, चार बोरी-हिवरांची जाळी, शेजारी ज्वारी-बाजरीचं शेत, आणि हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात. इतका स्वस्तात राहणारा भाडेकरू आहे हा. ब्रिटनमधे ह्याचाच चुलतभाऊ, करडा पार्ट्रिज, शेताशेतातून का नाहीसा झाला ह्याचा तिथल्या लोकांनी कित्येक दशकं अभ्यास केला, ससेक्स परगण्यात तर १९६८ पासून मोजणी चालू आहे, आणि त्यातून निघालेलं मोठं कारण म्हणजे तणनाशक. तणनाशकानं पक्षी मेला नाही, तण गेलं, तणावरचे किडे गेले आणि पिल्लं उपाशी मेली. आता सांगा, अशा शेतात तुम्ही इनक्युबेटरमधून शंभर पिल्लं आणून सोडली तर ती खाणार काय, आपली वर्गणीची पावती?

पक्षी सोडण्याच्या बाजूनं जे खरोखर वजनदार बोलता येतं ते ग्रुपवर कोणी बोललंच नाही, म्हणून मीच बोलतो. एक, माळढोक. राजस्थानात जैसलमेरकडे जंगलातली अंडी उचलून, कृत्रिमरीत्या उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र २०१९ पासून चालू आहे, २०२४ मधे तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, आणि ते करायलाच हवं होतं, कारण पक्षीच इतके थोडे उरले की वाट बघायला वेळ नाही. दोन, खुद्द अमेरिका. तिथला फेझंट तिथला नाहीच मुळी, चीनचा आहे, शांघायला वकिलातीत असलेल्या ओवेन डेनी ह्यांनी १८८१-८२ च्या सुमाराला ओरेगॉनला पाठवला, सोडला, आणि तो असा पसरला की पुढे १९४३ मधे साउथ डकोटानं त्याला आपला राज्यपक्षीच करून टाकला. म्हणजे सोडलेले पक्षी जगतात! जगतात की. पण कुठले आणि कशात ते बघा. डेनींनी पाठवलेले पक्षी रानात पकडलेले होते, कोल्हा काय असतो आणि ससाणा दिसल्यावर कुठे दडायचं हे आईकडून शिकलेले, आणि ज्या शेतांत ते उतरले ती त्या काळची गबाळी शेतं होती, कडेनं तण, मधे धान्य, कुंपणाला झुडपं. नंतर शेतं स्वच्छ झाली, पक्षी घटले, मग फार्मवर वाढवलेले पक्षी ट्रकनं आणून सोडायचा उद्योग सुरू झाला आणि त्यातले बहुतेक काही आठवड्यांत कोणाच्या तरी पोटात गेले. पेन्सिल्वेनियाला जेव्हा खरोखर रानटी फेझंट परत हवे होते तेव्हा त्यांनी आधी गवताळ पट्टे नक्की केले, मग साउथ डकोटा आणि मोंटानातून रानात पकडलेले पक्षी आणले, आणि त्या पट्ट्यांत फार्मचे पक्षी सोडायला चक्क बंदी घातली. आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर इस्लामाबादच्या मार्गल्ला टेकड्या घ्या, तिथून नाहीसा झालेला चीर फेझंट परत आणायला इंग्लंडहून अंडी आली, पिल्लं वाढवली, सोडली, काही वर्षं हे चाललं आणि पक्षी काही तिथे टिकले नाहीत. माळढोकची गोष्ट शेवटच्या घटकेची आहे. तित्तर अजून सुप्याच्या, इंदापूरच्या माळावर शाबूत आहेत, जागा मिळाली तर चालत येतील. चालत.

बरं, दुसऱ्या पार्टीकडे जायच्या आधी माझं एक पाप सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी जिथे होतो तिथल्या ऑफिसनं वृक्षारोपण ठेवलं होतं, सासवडच्या पुढे एका माळावर, दोन बसेस, टोप्या, केळी, बॅनर. मला दिलेल्या आखणीच्या चुन्याच्या खुणेवर मी कुदळ मारली आणि वीतभर अंतरावरून फर्रकन तित्तर उठला, एवढा दचकलो की कुदळ हातातून सुटली. गवत बाजूला केलं तर खोलग्यात सहा अंडी, मळकट पांढरी, एकाला बाजूला किंचित चरा. मी सुपरवायझरला म्हटलं ही लाईन जरा सरकवू, तो म्हणाला साहेब, फोटोत लाईन सरळ दिसायला पाहिजे. आणि मी, सांगायला लाज वाटते, खड्डा हातभर सरकवला, ग्लिरिसिडियाचं रोप लावलं, त्याच्याबरोबर फोटो काढला. पंधरा दिवसांनी मुद्दाम गेलो तेव्हा खोलग्यात दोन कवचांचे तुकडे होते आणि आजूबाजूचं गवत आळी करायच्या नावाखाली खरवडून काढलेलं. रोप मात्र जगलं, अजून आहे. ग्लिरिसिडियाला उगाच उंदीरमारी म्हणत नाहीत, त्याखाली फारसं काही नांदत नाही.

हे एका ऑफिसचं पाप नाही हो, ही आपली सगळ्यांची नजर आहे. माळ दिसला की आपल्याला रिकामी जागा दिसते. महाराष्ट्रानं २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, एवढी झाडं लावायला जागा कुठली? जंगलात तर आधीच झाडं आहेत. मग उरतो माळ. सरकारी कागदावर तो पडीकच असतो, देशभरच्या पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह निघतो त्यात झुडपी माळरानं सरळ पडीक म्हणून मोजलेली असतात, आणि ही नजर इंग्रजांच्या महसूल खात्याची आहे, ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. धनगराला विचारा पडीक का ते. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी, डोंगरी, एकेका गवताचं नाव, कुठलं मेंढरू कधी खातं, कुठलं वाळलं तरी चालतं, हे त्याला पाठ आहे. सुपे, बारामती, इंदापूर ह्या पट्ट्यात पाऊसच जेमतेम पाचशे मिलिमीटर, तिथे हजारो वर्षांत घनदाट जंगल झालं नाही ते आपण एका पावसाळ्यात बॅनर लावून करणार? झाडांना माझा विरोध आहे असं कोणी फिरवू नका, रस्त्याच्या कडेला लावा, सोसायटीत लावा, भीमाशंकरच्या उतारावर जिथे जंगल तुटलं तिथे जरूर लावा, तिथे रानकोंबडा वाट बघतोय. माळावर नको, एवढंच.

आता टँकरवाली पार्टी. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाईला दोन हंड्यांसाठी रांगेत उभं राहावं लागतं तिथे पाखराच्या नावानं बजेट मागणं विचित्र वाटतं हे मलाही मान्य आहे. पण मग मला सांगा, तो टँकर का येतो? माळ उघडा पडला, माती वाहिली, पाणी मुरलं नाही म्हणून. पाणी अडवायचं तर आधी गवत अडवावं लागतं हे नगरकडच्या हिवरे बाजारनं तीस वर्षांपूर्वीच दाखवलं, तिथे पाणलोटाची कामं झाली ती सरकारी योजनेच्या पैशांतूनच झाली, पण त्यासोबत गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, गवत विळ्यानं कापून न्यायचं, गुरं मोकळी सोडायची नाहीत. त्यांनी ते पक्ष्यांसाठी केलं नव्हतं. अमेरिकेतही नेमकं हेच झालं आणि हा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. तिथे १९८५ च्या शेती कायद्यात एक योजना आली, धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं नांगरू नका, गवताखाली ठेवा, सरकार एकरी वार्षिक भाडं देईल. हेतू काय होता, तर माती वाचवणं आणि धान्याचा ढीग कमी करणं. फेझंट फुकटात आले. २००७ पर्यंत ह्या योजनेखाली साडेतीन कोटी एकरांच्या वर जमीन गेली होती आणि साउथ डकोटात फेझंट असे वाढले की म्हाताऱ्यांना १९५०-६० च्या दशकातले, तसल्याच एका आधीच्या योजनेच्या वेळचे दिवस आठवले. मग मक्याला इथेनॉलमुळे भाव आला, करार संपले तशी शेतकऱ्यांनी गवतं नांगरली, आणि काही वर्षांत फेझंट धाडकन खाली. पक्ष्यांसाठी वेगळं काही केलं नव्हतं, ना येताना ना जाताना. गवताचं भाडं दिलं तेव्हा आले, भाडं परवडेना तेव्हा गेले.

हो, अमेरिकेत शिकारी लोक पैसा देतात, मला माहितीये. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून ठेवला, म्हणजे ज्याला फेझंट मारायचा त्याच्याच खिशातून फेझंटचं गवत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि बंदच राहू दे, पण त्याचा अर्थ असा की आपल्या तित्तरामागे पैसेवाला कोणी वाली नाही. वाघाला सफारीवाले आहेत. तित्तराला कोण आहे, एक फासे लावणारा, जो त्याला दोनशे रुपयांना विकतो. म्हणूनच सार्वजनिक पैसा. आणि तो नव्यानं छापायचा नाहीये, वनीकरणासाठी आजही जातोच आहे, खड्डा मोजून बिल निघतं, गवत मोजून निघत नाही, एवढाच काय तो फरक.

एक आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटला, तो ग्रुपवर एका कॉलेजच्या मुलीनं घेतला. ती म्हणाली मोरही ह्याच कुटुंबातला ना, मग त्याच्यावर कोणी काय खर्च केला, तो तर वाढतोय. बरोबर आहे. देशभरच्या पक्ष्यांचा २०२३ चा अहवाल सांगतो की मोर झपाट्यानं वाढलेत, आणि शिरूरकडच्या चिंचोलीत जाऊन बघा, अंगणात मोर, म्हणून गावाचं नावच मोराची चिंचोली. पण त्याच अहवालात माळावरचे, मोकळ्या जागेचे पक्षी घसरलेत. कारण मोराला काहीही चालतं, शेतातला दाणा, साप, कालव्याकाठची झाडी, आणि त्याला मारलं तर गाव अंगावर येतं, कार्तिकेयाचं वाहन आहे शेवटी, शिवाय राष्ट्रीय पक्षी. तित्तराला असं देवाचं प्रोटेक्शन नाही. मोरावरून तित्तराचा अंदाज बांधणं म्हणजे कावळे वाढले म्हणून चिमण्यांची काळजी सोडण्यासारखं आहे.

आणि पैसे न देता नुसता नियम लावला तर काय होतं, ते सोलापूरला नान्नजमधे बघून झालंय. १९७९ मधे माळढोकसाठी अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. एवढ्या रेषेच्या आत गावं आली, बागायती शेतं आली, बाजारपेठा आल्या, जमिनीच्या व्यवहारावर बंधनं आली, आणि शेतकऱ्याच्या हातात काय आलं? काही नाही. लोकांना त्या पक्ष्याचं नाव काढलं तरी राग यायला लागला. शेवटी ते कमी करून १,२२२ वर आणलं, पण मधली वर्षं गेली, आणि आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. उलट टोकाला सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही, चिंकारा सकाळी आत आणि संध्याकाळी शेतात. एक इतकं मोठं की पाळता येत नाही, एक इतकं छोटं की पुरत नाही, आणि दोन्हीकडे शेजारच्या शेतकऱ्याला रुपया नाही. मग तो बांध जाळणार नाही तर काय करणार?

पैसे खाल्ले जातील, हा शेवटचा आक्षेप, आणि पुण्यात तो निघणारच. चराऊ कुरण म्हणतील लगेच. पण हा शब्द आला कुठून ह्याचा विचार करा जरा. मराठेशाहीत सरकारी कुरणं खरोखर गवताची होती, पागेतल्या घोड्यांसाठी राखलेली. त्या काळचं सैन्य गवतावर चालायचं, म्हणून दौलतीचा पैसा गवत राखण्यावर जायचा, आणि त्याला कोणी चैन म्हटलं नाही. वेल्ह्याकडे, जुन्नरकडे कुरण नावाची गावं अजून आहेत. त्या राखलेल्या गवतात घोड्याआधी तित्तर-लाव्यांचीच चंगळ होत असणार, कोणी मोजलं नाही इतकंच. घोडे गेले, कुरण उरलं ते म्हणीपुरतं. आणि खाण्याचं म्हणाल तर लावलेलं रोप जगलं की मेलं हे लपवायला सोपं आहे, खड्डा दाखवला की झालं. गवत लपवता येत नाही, नोव्हेंबरात माळावर उभं राहिलं की कमरेएवढं आहे की घोट्याएवढं हे आंधळ्यालाही कळतं, आणि शाळेतल्या पोरांना पहाटे उभं करून किती तित्तर ओरडले ते मोजायला लावलं तर ऑडिटही फुकट.

काय करायचं ह्याचा मी काही आराखडा वगैरे देत नाही, पण मामाशी बोललो ते सांगतो. मामाचं गाव मोरगाव-सुप्याच्या मधे, बारा एकर, ज्वारी-बाजरी, थोडा कांदा. परवा गेलो तर शेजाऱ्यानं जेसीबी लावून बांध कोरून सरळ केलेला, बोरी-तरवडाची सगळी जाळी उपटून ढीग घातलेला, पेटवायला. मामाचा बांध अजून जुना, सात-आठ फूट रुंद, वाकडा, त्यात एक हिवर. मी म्हटलं मामा, सरकारनं पैसे दिले तर बांध असाच ठेवशील का, तणनाशक नाही मारायचं, दसऱ्याच्या आत गवत नाही कापायचं, पेटवायचं तर कधीच नाही. मामानं तंबाखू चोळत बांधाकडे बघितलं, मनात मोजलं आणि म्हणाला, "आरं, ह्यो बांध मोडला तर आठ सऱ्या निघत्यात माझ्या. आठ सऱ्यांचा कांदा धर. भाव पडला तरी काहीतरी येतंच की. तेवढं दरसाल द्या म्हणावं, एक साल न्हाई, दरसाल, आन् खात्यावर. तुमचा तो अनुदानाचा कागद घेऊन तालुक्याला खेटं मारायला लावलं तर म्या जेसीबी बोलावणार."

बाकी गायरानावर सोलर, विमानतळ, एमआयडीसी ह्यांचं काय करायचं ते मामाच्या हातात नाही आणि आमच्या ग्रुपच्याही नाही, त्यावर वेगळं भांडू. पण आठ सऱ्यांचा कांदा हा आकडा आपण काढू शकतो. मी काढतोय, गेल्या पाच वर्षांचा सुप्याच्या बाजाराचा भाव मामाच्या वहीत आहे. पुढच्या रविवारी ग्रुपवर टाकतो, वर्गणीवाले आणि टँकरवाले दोघांनीही बघा.